दुसरा कॅमेरा घेताना खोड बघावी

जानेवारीचा दुसरा आठवडा आला की सोलापुरातल्या फोटो काढणाऱ्यांना दुसरं काही सुचत नाही. सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे सोलापूरकरांचा गड्डा, सुरू होते. सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त ते पेलत ६८ लिंगांना तैलाभिषेक घालायला शहरभर फिरतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, होम होतो, शोभेचं दारूकाम होतं. अक्षता पडतात त्या घडीला एखाद्याचं शटर अडकलं, तर सोहळा त्याच्यासाठी थांबत नाही. पुढची संधी एकदम पुढच्या वर्षी. डिजिटलवाला खिशातला मोबाइल काढून वेळ मारून नेतो. रोलवर फोटो काढणाऱ्याची मात्र पंचाईत होते, कारण त्याच्या गळ्यातला मुख्य कॅमेराच मुळात चाळिशी ओलांडलेला असतो. पेंटॅक्स के१००० बाजारात आला १९७६ साली आणि निकॉन एफएम२ आला १९८२ साली. आज रोल वापरणारी तरुण मुलं ज्या कॅमेऱ्यांवर शिकतात, ते त्यांच्या आईवडिलांच्या वयाचे आहेत.

म्हणून दुसरी बॉडी हवी. आता सरळ हिशोबाने बघितलं, तर निकॉनवाल्याने आणखी एक निकॉन घ्यावा, पेंटॅक्सवाल्याने आणखी एक पेंटॅक्स. लेन्सा त्याच चालतात, हात बसलेला असतो. यात खोट काही नाही, आणि ज्याला लग्नाच्या ऑर्डरी करायच्या आहेत त्याने तेच करावं. पण दोन्ही खांद्यांवर एकेक एसएलआर लटकवून गर्दीतून दिवसभर फिरणं म्हणजे संध्याकाळपर्यंत मान धरणार. त्यामुळे बरेच जण दुसरा कॅमेरा म्हणून जुना रेंजफाइंडर शोधतात. लेन्ससकट पिशवीत मावणारा, वजनाला हलका, आवाजाला मऊ. शिवाय त्याची यंत्रणा वेगळी असल्यामुळे मुख्य कॅमेरा जिथे कमी पडतो, तिथे हा कामाला येतो.

घोळ होतो तो निवडताना. लोक लेन्सचा आकडा बघतात, नाव बघतात, आणि बोहल्यावर चढल्यासारखे हरखून पैसे मोजतात. गड्ड्याच्या जनावरांच्या बाजारात खिलार बैल घेणारा शेतकरी असं करत नाही. तो दात बघतो, चालवून बघतो, आणि मुख्य म्हणजे खोड कोणती ते विचारतो. पन्नास-साठ वर्षांच्या कॅमेऱ्याला खोड असणारच. ती दुकानाच्या काउंटरवर ओळखता येते का, तिच्यावर उपाय आहे का, आणि ऐनवेळी ती फक्त त्रास देईल की कॅमेराच बंद पाडेल, एवढं कळलं की निवड निम्मी झाली.

आधी हे यंत्र चालतं कसं ते बघू. एसएलआरमध्ये डोळा थेट लेन्समधून बघत असतो, मध्ये आरसा असतो. रेंजफाइंडरमध्ये लेन्सचा आणि डोळ्याचा संबंध नाही. वरच्या कोपऱ्यात बघायची खिडकी असते आणि तिच्यापासून काही अंतरावर आणखी एक बारीक खिडकी. त्या बारीक खिडकीतून आलेलं चित्र आतल्या आरशावरून आणि अर्धपारदर्शक काचेवरून फिरून मुख्य चित्राच्या मधोमध, पिवळसर ठिपक्यात दिसतं. दोन जागांवरून बघितल्यामुळे एकाच खांबाचे दोन खांब दिसतात. लेन्सची रिंग फिरवली की आतला आरसा किंचित वळतो आणि दुसरा खांब पहिल्याच्या दिशेने सरकतो. दोन्ही एकावर एक बसले की फोकस झाला. दोन खिडक्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी मोजणी पक्की. १९५४ च्या लायका एम३ मध्ये हे अंतर सुमारे ६९ मिलिमीटर आहे. सोव्हिएत फेड-२ मध्ये ६७, तर झोर्की-४ मध्ये जेमतेम ३८. १९७३ च्या छोट्या लायका सीएलमध्ये तर ३१.५ च. नाव लायका असलं तरी ९० मिलिमीटरची उघडी लेन्स त्यावर लावून डोळ्यांवर फोकस मारायचा, तर नेम चुकायची शक्यता जास्त.

या रचनेमुळे काही गोष्टी जमत नाहीत, त्या आधीच सांगितलेल्या बऱ्या. सोलापुरापासून जवळच नान्नजला १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं. माळढोक आता तिथे दिसला तर बातमी होते, पण काळवीट आणि गवताळ रानातले पक्षी टिपायला फोटोवाले जातात. तिथे रेंजफाइंडर घेऊन जाणं निरर्थक. १३५ मिलिमीटरच्या पुढे व्ह्यूफाइंडरमधली चौकट इतकी बारीक होते की तिच्यात काळवीट बसवायचा म्हणजे अंदाजपंचे. जवळच्या वस्तूंचंही तेच. बहुतेक रेंजफाइंडर ८० सेंटिमीटर ते एक मीटरच्या आत फोकसच करत नाहीत, त्यामुळे फूल, किडा, अंगठीचा फोटो विसरायचा. आणि लेन्सवर झाकण राहिलं तरी खिडकीतून जग लख्ख दिसत राहतं. पूर्ण रोल कोरा निघतो, आणि हे भल्याभल्यांचं झालेलं आहे.

जिथे जमतं, तिथे मात्र मजा येते. आषाढीच्या वाटेवर माऊलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात आली की माळशिरस तालुक्यात गोल रिंगणं होतात. एसएलआरच्या चौकटीत घोडा आला, हे तो आल्यावरच कळतं, आणि बटण दाबलं की आरसा वर जाऊन तेवढा क्षण अंधार होतो. रेंजफाइंडरच्या खिडकीत फोटोच्या चौकटीबाहेरचंही दिसतं. अश्व डावीकडून येताना आधीच दिसतो, टाळकरी कुठे उभे आहेत ते दिसतं, आणि शटर उघडतं त्या क्षणीही चित्र डोळ्यांसमोरच असतं.

दुसरा फायदा उन्हाचा. यातल्या बहुतेक स्वस्त जपानी रेंजफाइंडरांचं शटर लेन्सच्या आतच असतं, पाकळ्यांचं. अशा शटरला कुठल्याही वेगावर फ्लॅश जुळतो. जुन्या एसएलआरमध्ये पडद्याचं शटर असतं आणि के१००० सारख्या कॅमेऱ्यात फ्लॅश १/६० सेकंदाच्या वर जुळत नाही. आता दुपारच्या मुहूर्ताचं सोलापुरी लग्न डोळ्यांसमोर आणा. टळटळीत ऊन, नवऱ्याच्या डोक्यावर फेटा, चेहरा काळाठिक्कर. २०० च्या रोलवर एवढ्या उन्हात १/२५० आणि एफ/१६ लागतो. फ्लॅशसाठी शटर १/६० वर आणलं तर छिद्र एफ/३२ करावं लागेल, जे बहुतेक लेन्सांत नसतंच. पाकळ्यांच्या शटरवर १/५०० आणि एफ/११ लावून साध्या छोट्या फ्लॅशने दोन-अडीच मीटरवरचा चेहरा उजळतो, मागचं आकाशही पांढरं फटक होत नाही. मुख्य कॅमेरा ठणठणीत असतानाही दुसरा बाहेर काढावा असं हे एक कारण.

स्वस्त रेंजफाइंडर म्हटलं की पहिलं नाव येतं याशिका इलेक्ट्रो ३५ चं. १९६६ साली हा आला आणि लाखोंनी खपला. जीएसएन हे त्याचं १९७३ चं रूप, वर फ्लॅशचा हॉट शू असलेलं. लेन्स ४५ मिलिमीटर, एफ/१.७, आणि ती खरोखर चांगली आहे. छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवणार, अगदी ३० सेकंदांपासून १/५०० पर्यंत. वेग हाताने लावायची सोय मात्र नाही. सेल संपला तर? तर ऑटोवर शटर एकाच वेगाने पडतं, १/५०० ने. ऐकायला हे वाईट, पण वरचा हिशोब पुन्हा करून बघा. २०० चा रोल, भर ऊन, एफ/११, म्हणजे फोटो बरोबर येणार. सोलापुरात दिवसाउजेडी सेल मेलेला इलेक्ट्रोही काम देतो. संध्याकाळी मात्र तो ठोकळा.

इलेक्ट्रोची खोड ठरलेली आहे. आत एका दांड्याच्या टोकाला रबराचा लहानसा तुकडा बसवलेला असतो. वर्षांनी तो चिघळतो, चिरडतो, आणि मग शटरला वेळेचा हिशोब लागत नाही. प्रत्येक फोटो भकभकीत पांढरा येतो, किंवा शटर अडकूनच राहतं. हा तुकडा कॅमेरा न उघडता तपासता येतो, फक्त कान लागतो. रोल पुढे सरकवायची मूठ फिरवताना आतून खट्ट असा स्पष्ट आवाज आला, तर तुकडा शाबूत. आवाज मऊ झाला किंवा आलाच नाही, तर दुरुस्तीचा खर्च धरूनच बोली लावायची. मागच्या बाजूचं बटण दाबलं की फोटोंच्या आकड्याजवळ दिवा लागतो, तो सेल असल्याची खूण. त्या दिव्यावर खूश होणारे पुष्कळ, पण तो रबराबद्दल काही सांगत नाही.

कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री हा १९७२ चा. तो इलेक्ट्रोपेक्षा आटोपशीर, लेन्स ४० मिलिमीटर एफ/१.७. क्यूएल म्हणजे रोल पटकन भरायची सोय. रोलचं टोक लाल खुणेपर्यंत ओढायचं, झाकण लावायचं, झालं. गर्दीत उभ्याउभ्या रोल बदलणाऱ्यालाच याची किंमत कळते. शिवाय याचं शटर पूर्ण यांत्रिक. सेल नसला तर मीटर चालत नाही, फोटो मात्र १/४ पासून १/५०० पर्यंत हव्या त्या वेगाने काढता येतो. दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी हा गुण लेन्सच्या आकड्यापेक्षा मोठा, आणि या लेखापुरता कौल कॅनोनेटलाच. त्याची खोड चिकट पाकळ्या. लेन्सच्या दांड्यातलं वंगण पातळ होऊन शटरवर किंवा छिद्राच्या पाकळ्यांवर उतरतं आणि बटण दाबलं तरी काहीच होत नाही. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवणाऱ्या गावात ही खोड लवकर लागते.

मिनोल्टाच्या हाय-मॅटिकचं एक जगावेगळं पान आहे. २० फेब्रुवारी १९६२ ला जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरला तेव्हा त्याच्या हातातला कॅमेरा अँस्को ऑटोसेट होता, म्हणजे दुसऱ्या नावाने विकलेला हाय-मॅटिकच. दुकानातून घेतलेला साधा कॅमेरा. त्याला पिस्तुलासारखी मूठ बसवली आणि अवकाशात नेला. पुढचा १९६६ चा हाय-मॅटिक ७एस आजही वापरण्याजोगा आहे, छिद्र आणि वेग दोन्ही हाताने लावता येतात. पण नाव बघून फसू नये. हाय-मॅटिक ई आणि एफ हेही हाय-मॅटिकच, आणि ते पूर्णपणे सेलवर चालणारे. सेल गेला की कारभार आटोपला. ज्यांचा तळहात लहान, त्यांनी १९७० चा ऑलिंपस ३५ आरसी बघावा. लेन्स एफ/२.८ म्हणजे अंधारात कमी, पण तोही बिनसेलाचा चालतो आणि खिशात राहतो.

सोव्हिएत कॅमेऱ्यांची गोष्ट निराळी. खार्किवजवळ अनाथ, रस्त्यावरच्या मुलांसाठी एक वसाहत होती, शिक्षणतज्ज्ञ मकारेंको यांनी चालवलेली. तिथल्या मुलांनी १९३४ पासून लायकाची नक्कल बनवायला घेतली. कॅमेऱ्याला नाव दिलं फेड, फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की या सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकाची आद्याक्षरं. फोटो काढणाऱ्या यंत्राला गुप्त पोलिसाचं नाव! फेड-२ हा त्यातला उत्तम, १९५५ ते १९७० मधला. झोर्की मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा. त्यातला झोर्की-४ हा १९५६ ते १९७३ या काळात सतरा लाखांच्या आसपास बनला. दोन्हींना लायकाच्या जुन्या ३९ मिलिमीटर आट्यांच्या लेन्सा बसतात, दोन्हींत सेल नाही, मीटर नाही, बिघडण्यासारखी इलेक्ट्रिकची वायर नाही. चष्मेवाल्यांसाठी खिडकीचा नंबर फिरवायची सोयही आहे.

पण एक नियम पाळावा लागतो. आधी मूठ फिरवून शटर भरायचं, मग वेगाची चकती हलवायची. उलटं केलं तर आतले दाते बिघडू शकतात. बाजारात कोणी कॅमेरा हातात घेतल्या घेतल्या चकती फिरवत बसला, तर त्याच्या हातचा कॅमेरा न घेतलेला बरा. पुष्कळशा झोर्की-४ ना पट्टा अडकवायच्या कड्याही नसतात. त्यासाठी चामड्याची केस लागते, आणि ती वाळून कडक झालेली असते.

सोव्हिएत कॅमेऱ्यांमुळे आणखी एक धंदा जन्माला आला. फेड किंवा झोर्कीवर लायकाचं नाव कोरायचं, सोनेरी मुलामा द्यायचा, कधी जर्मन सैन्याची चिन्हं उमटवायची आणि दुर्मिळ लायका म्हणून विकायचा. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, असा चकचकीत नग समोर आला तर लेन्स काढून आत वरच्या बाजूला बघावं. लेन्सला टेकून फोकस समजून घेणारा एक बारीक भाग तिथे असतो. खऱ्या लायकात ते गोल फिरणारं चाक असतं, सोव्हिएत बॉडीत निमुळती सपाट जीभ. एवढं बघितलं तरी हजारो रुपये वाचतात. खऱ्या लायकाबद्दल या लेखात फार बोलण्यात अर्थ नाही. एम३ ची नुसती बॉडी लाखाच्या घरात जाते. छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींना भेटला तेव्हा त्याच्याकडे लायका होता, आणि असल्या आठवणींचे पैसे किमतीत धरलेले असतात.

ज्याच्याकडे आधीपासून लायकाच्या लेन्सा आहेत, त्याचं गणित वेगळं. त्याला फक्त बॉडी हवी. जपानच्या कोसिना कंपनीने फोइग्टलेंडर या जुन्या जर्मन नावाने २००० पासून बेसा रेंजफाइंडर बनवले. पहिला बेसा आर आट्यांच्या लेन्सांचा, आर२ पासून पुढचे बहुतेक एम माउंटचे. आर२एम आणि आर३एम पूर्ण यांत्रिक आहेत. आर२ए आणि आर३ए यांचं शटर सेलवर चालतं, तेव्हा अक्षर नीट वाचून घ्यावं. आट्यांची लेन्स एका पातळ रिंगने एम बॉडीवर बसते, उलट मात्र जमत नाही. लेन्सा अशा अदलून वापरण्याची परंपरा जुनी आहे. १९५० साली कोरियात युद्ध सुरू झालं तेव्हा लाइफ मासिकाचा डेव्हिड डग्लस डंकन जपानी निक्कोर लेन्सा लायकाच्या बॉडीवर लावून फोटो काढत होता, आणि त्या फोटोंनी अमेरिकेत जपानी लेन्सांना मान मिळाला. सोव्हिएत लेन्स जपानी किंवा जर्मन बॉडीवर लावताना मात्र सावध राहावं. आटे जुळले तरी फोकसचं माप किंचित वेगळं असतं. ३५ मिलिमीटरला ते झाकून जातं, ८५ च्या उघड्या लेन्सला नाक स्पष्ट आणि डोळे धूसर येतात.

घ्यायचा कुठे? सोलापूरकराला हुतात्मा एक्स्प्रेस सोयीची. सकाळी निघावं, दिवसभर पुण्यात फिरावं, रात्री घरी. बुधवारी आणि रविवारी पुण्यात जुना बाजार भरतो, तिथे लोखंडी भंगारात आणि घड्याळांच्या ढिगात कधीकधी याशिका सापडतो. मुंबईत बोरा बाजारात फोटोच्या सामानाची दुकानं आहेत. भाव तिथे जास्त, पण कॅमेरा तपासलेला असण्याची शक्यताही जास्त. खरा खजिना मात्र घराघरांतल्या गोदरेजच्या कपाटांत असतो. आखातातून आलेल्या मामाने आणलेला, नंतर मोबाइल आल्यावर कपड्यांखाली गेलेला. इथे सोलापूरच्या कोरड्या हवेचा फायदा होतो. मुंबईत किंवा कोकणात पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये बुरशीची जाळी धरते, सोलापुरात ती कमी दिसते. तरीही चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा राहिला असेल, तर मोबाइलची बॅटरी लावून लेन्समधून आरपार बघावंच. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर सोडून द्यावा. धुळीचे दोन-चार कण असले तर त्याने काही बिघडत नाही.

तपासणीला दहा मिनिटं पुरतात. आधी पाठ उघडून कडेचा फोम बघायचा. बोटाला काळं, चिकट डांबर लागलं तर तो गेलेला, पण हे काम स्वस्त आहे, खाचेत काळी लोकर भरूनही चालतं. मग छिद्र पूर्ण उघडून एकेका वेगाला बटण दाबायचं आणि मागून उजेडाकडे बघायचं. १ सेकंदाला शटर खरोखर सेकंदभर उघडं राहतं का, मंद वेगांना आतून घर्रर्र आवाज सलग येतो की अडखळतो? पडद्याचं शटर असेल, म्हणजे फेड, झोर्की, तर लेन्स काढून पडद्यामागे दिवा धरायचा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तो उन्हाचा प्रताप. आरसा नसल्यामुळे सूर्याकडे तोंड करून ठेवलेल्या कॅमेऱ्यात लेन्स थेट कापडी पडद्यावर सूर्य एकवटते आणि भोक पाडते. वैशाखात हे काही क्षणांत होऊ शकतं. कॅनन पी आणि कॅनन ७ या रेंजफाइंडरांचे पडदे स्टीलचे असतात, ते जळत नाहीत, पण बोट लागून चुरगळलेले सापडतात. तशा चुरगळलेल्या पडद्याचे कॅमेरे वर्षानुवर्षं चालतात.

फोकस तपासायला दूरची उभी रेघ लागते. होटगी रस्त्यावरच्या साखर कारखान्याची उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, नाहीतर त्यासाठी तिच्यासारखी सोय नव्हती. आता मोबाइलचा टॉवर घ्यावा, निदान अर्धा किलोमीटर लांबचा. रिंग अनंतावर ठेवली की टॉवरच्या दोन प्रतिमा एक व्हायला हव्यात. आडव्या दिशेने फट राहिली तर फोकस चुकतो आहे. एक प्रतिमा वर आणि एक खाली अशी असेल तर डोळ्याला खुपतं, पण फोटोवर परिणाम नाही. मग जवळची चाचणी. रोल जिथे ताणला जातो तिथे दोन पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर चिकटवायचा, शटर बी वर उघडं धरायचं, छिद्र पूर्ण उघडं, आणि बरोबर एक मीटरवर वर्तमानपत्राचं शीर्षक. खिडकीत प्रतिमा जुळवल्यावर ट्रेसिंग पेपरवर उलटं, पण कोरीव शीर्षक दिसलं पाहिजे. अक्षरं धूसर आणि रिंग किंचित फिरवल्यावर स्पष्ट झाली, तर रेंजफाइंडर जुळवायला लागेल. दुकानदार कंटाळतो, पण ही चाचणी करू देत नसेल तर त्याला काहीतरी ठाऊक आहे.

सेलाचं प्रकरण जरा किचकट. कॅनोनेट, हाय-मॅटिक ७एस, ऑलिंपस या सगळ्यांचं मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलावर बेतलेलं आहे. पारा विषारी, म्हणून अमेरिकेने १९९६ साली असले सेल बंद केले, आणि २०१३ च्या मिनामाता करारानंतर ते जगातूनच हद्दपार होत गेले. करार ज्या जपानी गावाच्या नावाने आहे, तिथल्या पाऱ्याच्या विषबाधेचे फोटो युजीन स्मिथने काढले होते. आज पाऱ्याच्या सेलाच्या जागी घड्याळाचा अल्कलाइन सेल घातला तर तो १.५ व्होल्टने सुरू होतो आणि हळूहळू उतरतो, त्यामुळे मीटरचा काटा खोटं बोलतो. यावर उपाय मेडिकलमध्ये मिळतो. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल १.४ व्होल्ट एकसारखा देतो. आकाराने लहान, तेव्हा भोवती रबरी रिंग घालावी लागते. त्यावरचं कागदी लेबल काढलं की हवा आत जाते आणि सेल जागा होतो. सोलापूरसारख्या कोरड्या हवेत तो लवकर वाळतो, म्हणून पाकीट जवळ ठेवावं. इलेक्ट्रोला मूळ ५.६ व्होल्टचा सेल लागायचा. त्याजागी ६ व्होल्टचा ४एलआर४४ आणि मधली जागा भरायला स्प्रिंग घातली की बहुतेकदा चालून जातं.

पैशांचा अंदाज बांधताना कॅमेऱ्याची किंमत एकटी धरू नये. सर्व्हिसिंग, सेल, फोम आणि दोन रोल हे त्यात आलेच. रंगीत रोलच आज हजाराच्या आसपास जातो, वर धुलाई आणि स्कॅनिंग. परदेशातून मागवला तर टपालखर्च आणि जकात मिळून स्वस्त कॅमेरा महाग होतो, आणि परत पाठवायची सोय कागदावरच राहते. म्हणून इथलाच, हातात धरून तपासलेला थोडा महागही परवडतो.

घरी आणल्यावर पहिला रोल कृष्णधवल घालावा. धुलाई घरी होते. डेव्हलपरला २० अंश तापमान लागतं आणि मार्चनंतर सोलापुरात टाकीचं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं, तेव्हा बाटली बर्फाच्या पातेल्यात ठेवूनच सुरुवात करावी. रोलच्या पहिल्या सहा फ्रेम भिंतीला टेकवलेल्या टेपपट्टीवर, छिद्र पूर्ण उघडं ठेवून, तिरक्या बाजूने १०० च्या आकड्यावर फोकस मारून. पुढच्या सहा एकाच विषयाच्या, वेग बदलत आणि छिद्र त्यानुसार जुळवत, म्हणजे सगळ्या सारख्याच उजळ यायला हव्यात. शेवटच्या काही भर उन्हात, कॅमेरा सूर्याकडे तोंड न करता पाच मिनिटं उघड्यावर ठेवून. निगेटिव्ह वाळल्यावर भिंगाने बघायचं. स्पष्टता ९० वर पडली तर रेंजफाइंडर जुळवायला द्यायचा. १/५०० ची फ्रेम बाकीच्यांपेक्षा दाट आली तर शटर मंद आहे. निगेटिव्हच्या कडेपासून आत काळे पट्टे आले तर फोम गळतो, आणि दर फ्रेमला एकाच जागी काळा ठिपका असेल तर पडद्याला भोक आहे.